जिरफाल्कन: आर्क्टिकच्या ससाण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पक्ष्याबद्दल लोक सहसा तीनच गोष्टी विचारतात: तो पांढराशुभ्र का, थंडीत मरत कसा नाही आणि अरब शेख त्याच्यासाठी एवढे पैसे का मोजतात. तिन्हींची उत्तरं खाली आहेत. पण जिरफाल्कन समजून घ्यायचा तर आधी त्याच्या भक्ष्याची ओळख हवी. टार्मिगन नावाच्या एका गुबगुबीत, तितराच्या कुळातल्या पक्ष्यावर याचा सगळा संसार उभा आहे. म्हणून इथे ससाण्याइतकीच जागा टार्मिगनलाही दिली आहे.

जिरफाल्कन म्हणजे नेमका कोणता पक्षी?

ससाण्यांच्या कुळातला सर्वांत मोठा पक्षी. शास्त्रीय नाव फाल्को रस्टिकोलस, स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने 1758 मध्ये दिलेलं. उत्तर ध्रुवाभोवतीच्या पट्ट्यात, म्हणजे अलास्का, उत्तर कॅनडा, ग्रीनलँड, आइसलँड, नॉर्वे-स्वीडन-फिनलंडचा उत्तर भाग आणि रशियात थेट कामचात्कापर्यंत तो आढळतो. जिथे झाडं संपतात आणि टुंड्रा सुरू होतो, तिथपासून पुढे त्याचं राज्य. मराठीत त्याला रूढ नाव नाही, त्यामुळे इथे जिरफाल्कनच म्हटलं आहे.

त्याचे जवळचे भाऊबंद मात्र आपल्याला परके नाहीत. महाराष्ट्राच्या कोरड्या माळरानावर क्वचित दिसणारा लगर ससाणा, मध्य आशियातला सेकर आणि आफ्रिका-भूमध्य भागातला लॅनर हे त्याच गटातले. एकाने माळरान धरलं, एकाने वाळवंट, एकाने बर्फ. जाता जाता एक सांगण्यासारखं आहे. ससाणे घार-गरुडांचे सख्खे नातेवाईक असावेत असं वाटतं, पण जनुकीय अभ्यासांनुसार ते पोपटांना अधिक जवळचे आहेत. चोच बाकदार आणि नख्या तीक्ष्ण म्हणजे एकच घराणं, हा समज त्यामुळे निकालात निघाला.

बहिरी ससाण्यापेक्षा तो मोठा असतो का?

बराच. नर साधारण 0.8 ते 1.3 किलोचा, तर मादी 1.2 ते 2.1 किलोपर्यंत भरते. मोठ्या मादीच्या पंखांचा पसारा दीड मीटरच्या आसपास जातो. आपल्याकडची घार आकाशात मोठी दिसते खरी, पण भरलेल्या मादी जिरफाल्कनचं वजन तिच्या दुप्पट असतं. शिकारी पक्ष्यांमध्ये मादी मोठी असणं ही नेहमीचीच रीत आहे. जिरफाल्कनमध्ये हा फरक इतका ठळक असतो की जोडी शेजारी शेजारी बसली तर नर कोण ते नवख्यालाही कळतं.

सगळे जिरफाल्कन पांढरे असतात का?

नाही. फोटो पांढऱ्यांचेच फिरतात म्हणून तसं वाटतं. या एकाच जातीत पांढऱ्यापासून राखाडी, आणि राखाडीपासून जवळजवळ काळपट तपकिरीपर्यंत सगळ्या छटा असतात. उत्तर ग्रीनलँड आणि कॅनडाच्या अतिउत्तरेकडच्या बेटांवर पांढऱ्यांची संख्या मोठी. आइसलँड आणि स्कँडिनेव्हियात राखाडी. कॅनडाच्या पूर्व टोकाच्या लॅब्राडोर भागात गडद पक्षी जास्त. या छटांमागे एमसी1आर नावाच्या जनुकातला फरक आहे, असं 2012 मधल्या एका अभ्यासात दिसून आलं. एकेकाळी रंगावरून वेगवेगळ्या उपजाती मानायचे, आता ती पद्धत मागे पडली आहे.

वयही रंगात मिसळतं. पहिल्या वर्षाच्या पिल्लाची चोचीच्या मुळाची कातडी आणि पाय निळसर-राखाडी असतात, प्रौढ झाल्यावर ते पिवळे होतात. दुरून पाहताना वय ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण.

उणे तीस-चाळीस अंशांत तो जगतो कसा?

बऱ्याच छोट्या छोट्या सोयींमुळे. मोठं शरीर ही पहिली. आकार वाढतो तसं वजनाच्या मानाने उघडं पडणारं पृष्ठफळ कमी होतं आणि उष्णता कमी निसटते. दुसरी म्हणजे पिसं. बाहेरची दाट, आतली मऊ आणि पोटाची इतकी लांब की पक्षी खडकावर फुलून बसला की नख्यासुद्धा दिसेनाशा होतात. पायाच्या नळीचा वरचा भागही पिसांनी झाकलेला असतो. पंजा उघडा राहतो, कारण पंजाने शिकार धरायची असते. उघड्या पायांतून उष्णता वाया जाऊ नये याची तजवीज सगळ्याच पक्ष्यांच्या पायांत असते. शरीरातून उतरणारं गरम रक्त आणि पायातून परतणारं थंड रक्त शेजारच्या नसांमधून वाहतं आणि वाटेतच उष्णतेची देवाणघेवाण होते.

पण पिसं आणि नसा म्हणजे अर्धीच गोष्ट. थंडीत टिकणं हा शेवटी इंधनाचा प्रश्न आहे. पोट भरलेला ससाणा उणे चाळीसमध्येही निवांत बसेल, उपाशी ससाणा त्याहून सौम्य थंडीतही संपेल. म्हणून जास्तीची शिकार कड्याच्या फटीत किंवा गवताच्या ढेपेआड लपवून ठेवायची त्याची सवय मला पिसांइतकीच महत्त्वाची वाटते. निसर्गाचा फ्रीज चोवीस तास चालू असतो, मांस खराब होत नाही.

हिवाळ्यात तो दक्षिणेकडे जात नाही का?

काही जातात, काही राहतात. अन्न मिळत असेल तर प्रौढ जोड्या आपला इलाका सहसा सोडत नाहीत. भटकतात ती तरुण पिल्लं. अतिउत्तरेकडे, जिथे हिवाळ्यात सूर्यच उगवत नाही, तिथले पक्षी खाली सरकतात. पण खाली म्हणजे युरोप-अमेरिकेचे उत्तरेकडचे भाग. उष्ण प्रदेशापर्यंत ते येत नाहीत.

ग्रीनलँडच्या पक्ष्यांनी मात्र संशोधकांना चकित केलं. कर्ट बर्नहॅम आणि इयान न्यूटन यांनी तिथल्या जिरफाल्कनांना उपग्रह-ट्रान्समीटर लावले. त्याचे निष्कर्ष 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. काही पक्षी हिवाळ्यात जमिनीवर नव्हतेच, ते समुद्रावर होते. ग्रीनलँड आणि आइसलँडच्या मधल्या पाण्यावर ते आठवडेच्या आठवडे राहिले, सलग चाळीस दिवसांपर्यंत. एका तरुण पक्ष्याने सुमारे 200 दिवसांत 4,500 किलोमीटरहून जास्त अंतर कापलं आणि त्यातला निम्म्याहून अधिक काळ समुद्रावर काढला. ससाण्याला पाण्यावर बसता येत नाही. मग विसावा कुठे? तरंगत्या हिमखंडांवर आणि समुद्री बर्फावर. खाणं समुद्रपक्ष्यांचं. जमिनीवरचा शिकारी म्हणून ज्याची ओळख, तो वर्षाचा मोठा भाग एखाद्या सागरी पक्ष्यासारखा जगतो, हे तोवर कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

तो खातो काय?

टार्मिगन. उरलेलं उत्तर या शब्दाला जोडलेली पुरवणी समजा.

टार्मिगनच्या दोन जाती त्याच्या आहारात येतात: खडकाळ भागातला रॉक टार्मिगन आणि झुडपी भागातला विलो टार्मिगन. साधारण अर्धा-पाऊण किलोचा, जमिनीवर चरणारा, हिवाळ्यात पांढरा होणारा पक्षी. पायाच्या बोटांपर्यंत पिसं, त्यामुळे बर्फात रुतत नाही. तो आर्क्टिक सोडून जात नाही, आणि जिरफाल्कन मागे राहू शकतो तो यामुळेच. फेब्रुवारी-मार्चमध्ये बदकं, चिखले पक्षी, हंस सगळे दक्षिणेत असतात. तेव्हा टुंड्रावर पोटभर मांसाचं पाखरू शोधायला गेलात तर टार्मिगनखेरीज फारसं काही हाती लागत नाही.

किनाऱ्यावरच्या जोड्या पफिन, ऑक, किटिवेक अशा समुद्रपक्ष्यांवर भागवतात. अलास्कात काही ठिकाणी जमिनीत बिळं करणाऱ्या खारी आहारात मोठ्या प्रमाणावर असतात. ससे, लेमिंग, बदकं, हंसांची पिल्लं हेही चालतं. तरी आतल्या भागातल्या जोड्यांचं वर्षाचं गणित टार्मिगनवरच सुटतं किंवा बिघडतं. आइसलँडच्या ईशान्य भागात, सुमारे 5,300 चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात, ओलाफूर निल्सन हे शास्त्रज्ञ 1981 पासून या दोन पक्ष्यांची मोजदाद करत आले. त्यांना दिसलं ते असं: टार्मिगन अगदी कमी झालेल्या वर्षीही जिरफाल्कनचं मुख्य अन्न टार्मिगनच राहतं. मिळेल ते खाऊन दिवस काढणारा हा पक्षी नाही.

बर्फात पांढरा टार्मिगन त्याला दिसतो कसा?

हिवाळ्यात अवघडच जातं. पण वसंतात एक वेगळाच खेळ सुरू होतो, आणि या सगळ्या विषयातला हा भाग मला सर्वांत आवडतो.

बर्फ वितळायला लागलं की मादी टार्मिगन पटकन तपकिरी पिसं घेते आणि जमिनीत मिसळून जाते. नर मात्र पांढराच राहतो. काळ्या-तपकिरी जमिनीवर पांढरा ठिपका, तोही उंच दगडावर बसून ओरडणारा! कारण त्याला इलाका राखायचा असतो आणि मादीवर छाप पाडायची असते. नेमक्या याच काळात जिरफाल्कनची मादी अंड्यांवर किंवा लहान पिल्लांवर बसलेली असते आणि दोघांची पोटं एकटा नर भरत असतो. त्याची बरीचशी शिकार म्हणजे हे पांढरे नवरदेव.

कॅनडाच्या आर्क्टिकमध्ये रॉक टार्मिगनवर काम करणाऱ्या संशोधकांनी 2001 मध्ये याची पुढची पायरी मांडली. जोडीदारणीची अंडी घालण्याची वेळ आली आणि मीलनाची संधी संपली, की नर मुद्दाम चिखलमातीत अंग घोळवतो. पांढरी पिसं बदलायला वेळ लागतो, मळवायला लागत नाही. घरटं मोडून मादी पुन्हा जोडीला तयार झाली, तर हेच नर पुन्हा स्वच्छ होतात. म्हणजे किती पांढरं राहायचं हा त्यांच्यासाठी जीव आणि जोडीदार यांच्यामधला रोजचा सौदा असतो.

शिकार कशी करतो? बहिरी ससाण्यासारखा सूर मारतो का?

मारू शकतो, पण त्याची खासियत ती नाही. बहिरी ससाणा उंचावरून पंख मिटून कोसळतो आणि ताशी 300 किलोमीटरचा वेग ओलांडतो. जिरफाल्कन बहुतेकदा जमिनीलगत उडतो. उंचवट्यांच्या आडोशाने, ताकदीचे पंख मारत, अचानक भक्ष्यावर येतो. पहिला डाव हुकला तर पाठलाग सुरू. सपाटीवर दमदार पक्ष्यालाही तो मागून गाठतो, दमवतो, उंच चढायला लावतो किंवा जमिनीवर दाबतो. त्याची भिस्त दमावर असते.

ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2021 मध्ये याची मोजणी केली. शिकारीचा अनुभव नसलेल्या, पाळीव पैदाशीच्या जिरफाल्कनांना त्यांनी उडत्या यांत्रिक सावजामागे सोडलं आणि मार्ग नोंदवले. बहिरी ससाणा ज्या गणिती नियमाने वळतो तोच नियम इथेही निघाला, फक्त वळण्याचं प्रमाण सौम्य. सावज वळलं की लगेच तितकंच न वळता हा थोडा सैल मार्ग धरतो. लांब पाठलागाच्या शिकाऱ्याला ते शोभण्यासारखं आहे.

पकडल्यावर काम चोचीचं. वरच्या चोचीच्या कडेला दातासारखा खाचदार कंगोरा असतो. सगळ्या ससाण्यांना तो असतो. त्याने मानेचे मणके तोडले जातात.

टार्मिगन कमी झाले की याचं काय होतं?

आइसलँडमध्ये टार्मिगनची संख्या साधारण दहा-बारा वर्षांच्या चक्राने वर-खाली होत आली आहे. जिरफाल्कनची संख्याही तशीच हलते, पण काही वर्षं मागून. हा उशीर का? भरपूर टार्मिगनच्या वर्षी पिल्लं जास्त वाढतात, पण ती स्वतः जोडी धरायला काही वर्षं जातात. ती तयार होईपर्यंत टार्मिगन उतरणीला लागलेले असतात. म्हणजे शिकारी सर्वांत जास्त असतात तेव्हा भक्ष्य आधीच कमी होत असतं, आणि ही घसरण शिकाऱ्यांमुळे आणखी खोल होते. तरी चक्राचं सगळं खापर ससाण्यावर फोडता येत नाही. परजीवी, हवामान, चारा यांचाही हात तपासला गेला आहे.

वाईट वर्षी बऱ्याच जोड्या अंडीच घालत नाहीत. कड्यावर असतात, इलाका राखतात, पण घरटं रिकामं. दुरून पाहणाऱ्याला हा आळस वाटेल. फेब्रुवारीत नराने पुरेसे टार्मिगन आणून दिले नाहीत तर मादीचं शरीर अंड्यांसाठी तयारच होत नाही. नराची परीक्षा लग्नाआधीच होते म्हणा ना.

यात माणूसही भागीदार आहे. आइसलँडमध्ये नाताळच्या जेवणात टार्मिगन खाण्याची जुनी रीत आहे. संख्या फारच उतरल्यावर 2003 आणि 2004 मध्ये तिथे शिकारीवर पूर्ण बंदी आली. 2005 पासून ती मर्यादित दिवसांसाठी पुन्हा सुरू झाली आणि मारलेले पक्षी विकायला मनाई झाली.

आइसलँडच्या लोककथेत या दोघांना भावंडं म्हणतात, ते कसं?

कथा अशी. येशूची आई मरियम हिने एकदा सगळ्या पक्ष्यांना बोलावलं आणि आगीतून चालत जायला सांगितलं. सगळे गेले, पायांची पिसं जळून पाय उघडे पडले. टार्मिगन गेली नाही, म्हणून तिचे पाय आजही पिसांनी झाकलेले. मरियम रागावली आणि शाप दिला की तू सगळ्यांत दुबळी राहशील आणि तुझा सख्खा भाऊ ससाणाच तुला मारून खाईल. तेव्हापासून ससाणा तिला मारतो, फाडतो आणि काळजापर्यंत पोचला की ओळखतो, ही तर आपली बहीण! मग तो कळवळून ओरडतो.

टार्मिगनच्या पायांची पिसं आणि ससाण्याचं तिच्यावरचं अवलंबून असणं, या दोन खऱ्या निरीक्षणांवर ही गोष्ट रचलेली आहे. रचणाऱ्यांनी दोन्ही पक्षी नीट पाहिले होते.

घरटं कुठे बांधतो?

बांधतच नाही. कड्यावरचा कंगोरा किंवा डोमकावळ्याचं, क्वचित गरुडाचं जुनं घरटं वापरतो. अट एकच, डोक्यावर पुढे आलेला खडक हवा. अंडी घालायच्या वेळी भोवती बर्फ असतं आणि हिमवादळं चालू असतात, छप्पर नसेल तर घरटंच गाडलं जाईल. अशा जागा मोजक्या, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या त्याच वापरल्या जातात.

किती पिढ्या? ग्रीनलँडमध्ये घरट्यांखाली साचलेल्या विष्ठेच्या थरांचं कार्बन-मापन झालं आणि 2009 मध्ये निकाल आले. कांगरलुसुआक भागातल्या एका जागेचा सर्वांत जुना थर सुमारे 2,400 ते 2,700 वर्षांपूर्वीचा निघाला. आपल्याकडे गौतम बुद्ध होऊन गेले त्या सुमाराला त्या कंगोऱ्यावर जिरफाल्कनची पिल्लं वाढत होती, आणि आजही वाढतात. थंड, कोरड्या हवेत विष्ठा कुजत नाही म्हणून हा हिशेब शिल्लक राहिला.

अंडी आणि पिल्लांचं वेळापत्रक कसं असतं?

आइसलँडमध्ये एप्रिलमध्ये अंडी, बहुधा तीन-चार. सुमारे 35 दिवस उबवण, मुख्यतः मादीकडून. पिल्लं साधारण सात आठवड्यांत उडू लागतात आणि त्यानंतरही महिनाभर आईबापांवर अवलंबून असतात. एवढी घाई कशासाठी ते ऑगस्टमध्ये कळतं: तेव्हा टुंड्रावर त्या वर्षीची अननुभवी टार्मिगन-पिल्लं भरपूर असतात आणि नवशिक्या ससाण्यांना सराव मिळतो.

पहिला हिवाळा बहुतेकांना पार करता येत नाही. पार केला तर आयुष्य बरं असतं. बंदिवासात तर त्याहून जास्त: अमेरिकेच्या हवाई दल अकादमीतली अरोरा नावाची पांढरी मादी 2019 मध्ये गेली तेव्हा 23 वर्षांची होती.

राजेरजवाड्यांना त्याचं एवढं वेड का होतं?

आकार, ताकद, रंग, आणि सर्वांत मोठं कारण म्हणजे दुर्मिळता. मध्ययुगीन युरोपात तो उत्तरेच्या टोकाहून जहाजाने आणावा लागे. पवित्र रोमन सम्राट दुसरा फ्रेडरिक याने तेराव्या शतकात पक्ष्यांकरवी शिकार करण्यावर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात जिरफाल्कनला शिकारी पक्ष्यांत पहिलं स्थान दिलं. 1396 च्या निकोपोलिसच्या लढाईत बर्गंडीच्या ड्यूकचा मुलगा तुर्कांच्या हाती लागला, तेव्हा सुलतान बायजीदने सोन्याऐवजी बारा पांढरे जिरफाल्कन खंडणी म्हणून मागितले, असं सांगतात. गोष्ट तिखटमीठ लावलेली असेल, पण त्या काळात लोकांना ती पटली हेच पुरेसं बोलकं आहे.

आइसलँड डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यात होतं तेव्हा तिथल्या ससाण्यांच्या व्यापाराची मक्तेदारी त्याची होती. पकडलेले पक्षी एका खास घरात जमा करत आणि जहाजाने कोपनहेगनला नेत. प्रवासात त्यांना ताजं मांस हवं म्हणून जहाजावर जिवंत जनावरंही चढवावी लागत. तिथून राजा ते युरोपभरच्या दरबारांना भेट पाठवी. अठराव्या शतकात काही वर्षी शंभराहून जास्त पक्षी देशाबाहेर गेले. बंदुका आल्या, दरबारांची हौस ओसरली आणि हा व्यापार आपोआप थंडावला. पुढे याच पक्ष्याला देशाच्या चिन्हावर जागा मिळाली. 1903 पासून काही वर्षं आइसलँडच्या राजचिन्हावर पांढरा ससाणा होता आणि 1921 मध्ये स्थापन झालेला तिथला मानाचा किताब आजही ‘ऑर्डर ऑफ द फाल्कन’ म्हणून दिला जातो.

दुबईत लोकांच्या हातावर दिसतो तो हाच का?

पुष्कळदा हाच, किंवा याचा संकर. आखातात राहणाऱ्या मराठी मंडळींनी मॉलमध्ये किंवा वाळवंटातल्या सफरीत असे पक्षी पाहिले असतील. जिरफाल्कन आणि सेकर, जिरफाल्कन आणि बहिरी यांचे संकर बंदिवासात पैदा केले जातात. पहिल्याची ताकद आणि दुसऱ्याची उष्णता सोसण्याची क्षमता एकत्र यावी हा हेतू. निव्वळ जिरफाल्कनला तिथली हवा मानवत नाही, फुप्फुसांत ॲस्परजिलस बुरशीचा संसर्ग होण्याची त्याला खास भीती. अबूधाबीत 1999 पासून ससाण्यांचं स्वतंत्र रुग्णालय आहे आणि अमिरातीत पाळीव ससाण्यांना अधिकृत पासपोर्ट मिळतो. पैदाशीच्या पक्ष्यांमुळे रानातून चोरी करण्याचा मोह कमी झाला, हे मान्य करायला हवं. तरी एसीच्या खोलीत ठेवलेला टुंड्राचा पक्षी पाहून मला तरी फार आनंद होत नाही.

भारतात तो दिसतो का? पाळता येतो का?

महाराष्ट्रात जिरफाल्कन पाहिल्याचं कोणी सांगितलं तर आधी फोटो मागा. आर्क्टिकचा ससाणा इथे पाहायचा असेल तर वेगळा मार्ग आहे. युरोप-आशियाच्या आर्क्टिक टुंड्रावर वाढणारे बहिरी ससाणे हिवाळ्यात भारतात येतात. भिगवणला उजनीच्या पाण्यावर, खाड्यांच्या काठी, मुंबईच्या उंच इमारतींवर ते दिसतात. आर्क्टिकमध्ये जिरफाल्कनचा शेजारी असलेला पक्षी जानेवारीत आपल्याकडे बदकांना पळवत असतो.

पाळण्याबद्दल: 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानातला कुठलाही ससाणा पकडणं, बाळगणं हा गुन्हा आहे. परदेशी जातींच्या व्यापारावर साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराची कडक बंधनं आहेत. इंटरनेटवर कोणी ‘पांढरा ससाणा’ विकत असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

ही जात धोक्यात आहे का?

जागतिक यादीत सध्या तिची नोंद ‘चिंता कमी’ या गटात आहे. प्रदेश प्रचंड आणि माणसं विरळ, हे त्याचं मुख्य कारण. पण सगळीकडे सारखं चित्र नाही. आइसलँडमध्ये प्रजनन करणाऱ्या जोड्यांचा अंदाज काही शेकड्यांचाच, म्हणून तिथे 1940 पासून संरक्षण असूनही तो चिंतेचा पक्षी मानला जातो. अलीकडे बर्ड फ्लूचा विषाणूही तिथल्या जिरफाल्कनांमध्ये आढळला आहे. आजारी बदक किंवा हंस सहज हाती लागतो, आणि शिकारी नेमका तोच उचलतो.

मोठी काळजी तापमानाची. 1979 पासून आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापलं, असं फिनलंडच्या शास्त्रज्ञांनी 2022 मध्ये दाखवलं. झुडपं उत्तरेकडे सरकतात, रॉक टार्मिगनची मोकळी जमीन आक्रसते. बर्फाऐवजी पाऊस पडला तर ओल्या पिल्लांना ऊब राहत नाही. बर्फ लवकर गेलं तर पांढऱ्या टार्मिगनचं वेळापत्रक चुकतं, आणि टार्मिगनचं चुकलं की ससाण्याचं चुकणारच. शिवाय बहिरी ससाणा उत्तरेकडे सरकून त्याच कड्यांवर हक्क सांगू शकतो. जिरफाल्कन थेट उष्णतेने मरेल ही भीती मला कमी वाटते. त्याच्या ताटातला एकुलता एक भरवशाचा पदार्थ नाहीसा होईल, ही भीती जास्त आहे.

प्रत्यक्ष पाहायचा असेल तर कुठे जावं?

आइसलँडचा ईशान्य भाग, म्हणजे मिवात्न सरोवर आणि योकुल्साच्या घळींचा परिसर. नॉर्वेत वारांगर. अलास्कात डेनाली राष्ट्रीय उद्यान. कॅनडाच्या युकॉनमधून जाणारा डेम्पस्टर महामार्ग. उन्हाळ्यात जा, दुर्बीण घ्या आणि कड्यांखाली पांढऱ्या विष्ठेचे ओघळ शोधा. पक्ष्याआधी तेच दिसतात.

घरट्याजवळ जाऊन फोटो काढता येतात का?

आइसलँडमध्ये विशेष परवान्याशिवाय नाही, आणि हौशी पर्यटकाला तो मिळेल ही आशा धरू नका. थंडीत मादीला अंड्यांवरून उठवलं तर अंडी काही मिनिटांत गार पडतात. वाटेतच एखादी जोडी दिसली तर गाडीतूनच पाहा, आणि ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नका. अंडी चोरणारेही त्याच पोस्ट वाचतात.